लुसाकाची पाटी

आष्ट्याच्या पेठेत फिरलात तर दर चौथी पाटी माझ्या हातची निघेल. दवाखाना, पतसंस्था, सलून, ट्रॉलीच्या फळीवरचं कुलदैवत, निवडणुकीच्या दिवसांत भिंती. शब्द गिऱ्हाइकाचे आणि रंग माझा, अशी वाटणी. पाटीवर काय लिहिलंय याच्याशी मधु पेंटरला काय देणंघेणं? हंबीररावांच्या पाटीबद्दल मात्र मला असं म्हणून सुटता येत नाही, कारण तिच्यावरचा एक शब्द मी घुसडलेला होता.

हंबीरराव ढोले १९९०च्या उन्हाळ्यात कायमचे गावी आले. आधी पलटणीत ड्रायव्हर, मग दिल्लीत परराष्ट्र खात्याच्या गाड्यांवर, आणि तिथून खात्यानं त्यांना परदेशी पाठवलं. तीन वर्षं काठमांडू, पाच वर्षं लुसाका. लुसाका ही झांबिया देशाची राजधानी आहे हे आष्ट्यातल्या निम्म्या लोकांना त्यांच्यामुळे कळलं. उरलेल्या निम्म्यांना अजून कळलेलं नाही. त्यांची बायको बनाबाई त्या सगळ्या काळात गावीच होती. त्यांना मूल नव्हतं, पण धाकटा भाऊ आणि भावजय अपघातात गेल्यावर त्यांची तीन वर्षांची मंगल यांच्याच घरी वाढली. ती हंबीररावांना तात्या म्हणायची.

आल्यावर आठ दिवसांत ते पत्र्याचा तुकडा घेऊन माझ्या दुकानात हजर झाले. दोन फूट लांब, एक फूट उंच, स्वतःच कापून आणलेला. वर नाव घालायचं आणि खाली ‘निवृत्त, भारतीय उच्चायुक्तालय, लुसाका’. मी सहज विचारलं, हे उच्चायुक्तालय म्हणजे काय? झालं. माझा ब्रश अर्धा तास डब्यातच राहिला.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. एका देशाचं मुख्य कार्यालय दुसऱ्या देशाच्या राजधानीत असतं, तो दूतावास. जुनी माणसं त्यालाच वकिलात म्हणायची. पण दोन्ही देश राष्ट्रकुलातले असले, म्हणजे बहुतेक करून इंग्रजांच्या जुन्या गोतावळ्यातले, तर त्याच कार्यालयाला उच्चायुक्तालय म्हणायचं आणि साहेबाला राजदूत न म्हणता उच्चायुक्त. म्हणून काठमांडूत दूतावास आणि लुसाकात उच्चायुक्तालय. राजधानी सोडून दुसऱ्या मोठ्या शहरात जे असतं ते वाणिज्य दूतावास, ज्याला लोक कॉन्सुलेट म्हणतात. पासपोर्ट, अडकलेली माणसं, परक्या मुलखात वारलेल्यांचे कागद ही कामं तिथंही होतात, पण राजदूत तिथं बसत नाही.

“सांगलीला कलेक्टर कचेरी, इस्लामपुराला तहसील. तसंच हाय ते,” त्यांनी शेवटी समजावलं.

मी पत्र्यावर खडूनं आखून बघितलं. ‘उच्चायुक्तालय’ काही केल्या ओळीत बसेना. बसवलंच असतं तर जोडाक्षरं मुंगीएवढी झाली असती. मग मीच म्हटलं, आपण सरळ ‘दूतावास’ लिहू. सुटसुटीत शब्द, लांबून वाचता येतो, आणि गावाला दोन्ही सारखंच. हंबीररावांनी खडूची ओळ बोटांनी मोजून बघितली. मग म्हणाले, लिही, पण मोठा पत्रा मिळाला की बदलायची. मी म्हटलं, बदलू की. पुढं सात वर्षं तो मोठा पत्रा मिळाला नाही. खरं सांगायचं तर आम्ही दोघांनीही तो शोधला नाही. निळ्या जमिनीवर पांढरं अक्षर छान उठून दिसत होतं आणि येणाराजाणारा मान वर करून वाचत होता, मग कोण कशाला शोधतंय.

माणूस मदतीला पुढं असायचा, हे आधी सांगून ठेवतो. आखातात गेलेल्या पोरांचे आईबाप त्यांच्याकडे यायचे. पत्र कुठल्या कार्यालयाला धाडायचं, पाकिटावर काय लिहायचं, पासपोर्टचा नंबर कुठं घालायचा, सगळं ते सांगत. एका बाईचा नवरा मस्कतला गेला आणि त्याची वर्षभर खबर नव्हती. हंबीररावांनी तिच्यासाठी चार पत्रं लिहिली, पाचव्या महिन्यात उत्तर आलं आणि आठव्या महिन्यात नवरा. त्या बाईनं दारात येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तर हे लाजून गोठ्यात निघून गेले. काहीजणांना ‘वकिलात’ म्हटल्यावर कोर्टच आठवायचं. एक म्हातारी बांधाच्या भांडणाची तारीख विचारायला आली होती. तिला त्यांनी चहा पाजला आणि खऱ्या वकिलाच्या घरापर्यंत नेऊन सोडलं.

पण चूक दिसली की त्यांना राहवायचं नाही. सकाळी माझ्या दुकानात बसून पेपर वाचायचे, खिशात लाल पेन्सिल. लंडनच्या बातमीत कुणी ‘भारतीय दूतावास’ छापलं की खाडकन काट मारून वर ‘उच्चायुक्तालय’. माझा पेपर संध्याकाळपर्यंत नापास झालेल्या पोराच्या वहीसारखा दिसायचा. मी चिडायचो, पण त्यांच्यासमोर नाही.

ब्याण्णव साली या पेन्सिलीनं एक मोठं काम केलं. शेजारच्या गावच्या एका मुलीला सिंगापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा म्हणे तिथल्या ‘भारतीय दूतावासात’ अधिकारी. मुलीचे वडील कागद घेऊन हंबीररावांकडे आले. यांनी वाचला आणि सांगितलं, सिंगापूर राष्ट्रकुलात, तिथं उच्चायुक्तालय, पोरगा खोटा. चौकशी केली तर तो सिंगापूरला कधी गेलेलाच नव्हता, मुंबईत घड्याळं विकत होता. मुलगी वाचली. तेव्हापासून आसपासच्या दहा गावांतली परदेशी स्थळं त्यांच्या नजरेखालून जायला लागली आणि हंबीररावांची मान दोन बोटं वर गेली.

स्थळ नाकारायची आमच्याकडे एक रीत आहे. तुमच्या मुलात ही खोट आहे, असं कुणी तोंडावर सांगत नाही. मध्यस्थाकडून निरोप जातो, पत्रिका जुळत नाही. घरात पत्रिका नावाचा कागद असो वा नसो, निरोप तोच. ऐकणाराही पुढं काही विचारत नाही, कारण विचारण्यात कमीपणा असतो. दोन्ही घरांची अब्रू झाकली जाते आणि बाजारात भेटल्यावर रामराम करता येतो. रीत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. फक्त तिच्यात खरं कारण कुणाला कधी कळत नाही.

शहाण्णवच्या मे महिन्यात मंगललाच स्थळ आलं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, बालवाडी चालवायची. आधीची सहा स्थळं हंबीररावांनी काही ना काही काढून परत पाठवली होती. कुणाचं शेत विहिरीपासून लांब, कुणाचा भाऊ पितो. हे सातवं पलूसचं. मुलगा विश्वजित, दुबईत नोकरीला, महिन्याच्या रजेवर आलेला. वडील आप्पासो, साधा बागायतदार माणूस. बघायला आले तेव्हा घरचा माणूस म्हणून मीही होतो.

विश्वजित दारातच थांबून पाटी वाचत होता. आत आल्यावर त्यानं नमस्कार केला आणि विचारलं, “आपण लुसाकाच्या दूतावासात होता का?” हंबीरराव म्हणाले, “व्हय, पाच वर्सं.” मुलगा फक्त हसला. मंगलनं चहा आणला, त्यानं तिला बालवाडीत किती मुलं आहेत ते विचारलं आणि तिनं अठ्ठावीस सांगून, त्यातली सहा रोज रडतात असंही सांगितलं. मंगलला परक्या माणसांसमोर एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जाताना आप्पासोंनी टाईप केलेलं परिचयपत्र हातात दिलं. जन्मतारीख, उंची, शिक्षण, आणि नोकरीच्या ओळीत ‘भारतीय दूतावास, दुबई’. हंबीररावांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. चेहऱ्यावर काही नाही.

दुसऱ्या दिवशी बनाबाई माझ्या दुकानात आल्या. त्या सहसा पेठेत येत नसत.

“भावजी, पोरीला पोरगा पसंत हाय,” त्या म्हणाल्या. “तिनं सोताहून सांगितलं मला. आजवर कवा सांगितलं न्हवतं. आन् ह्यांनी तर नकार धाडायचं ठरवलंय. तुमचं ऐकत्यात, जरा बोला.”

मी गेलो. हंबीरराव ओसरीवर बसले होते आणि तो कागद पुढ्यात होता. ‘दूतावास’ या शब्दाभोवती लाल पेन्सिलीचं कडं.

“दुबईत आपला दूतावास न्हाईच,” ते म्हणाले. “तो अबुधाबीला. दुबईत कॉन्सुलेट. तिथं नोकरी करणाऱ्याला आपलं हापिस कुठलं ते ठावं नसंल व्हय? इस्लामपुरात कलेक्टर कचेरीत हाय म्हणणाऱ्याला तू पोरगी देशील का, गड्या?”

मी म्हटलं, मुलगा अजून पंधरा दिवस इथं आहे, त्यालाच विचारू. पलूस काही दुबईला नाही. ते म्हणाले, घरी आलेल्या पाहुण्याला खोटं पाडायचं का? आणि विचारलं की माणूस सावध होतो, नवी थाप तयार ठेवतो. सिंगापूरवाल्याला तरी कुठं विचारलं होतं?

ते बोलत होते आणि त्यांच्या डोक्यावर दीड फुटावर माझी पाटी होती. ‘निवृत्त, भारतीय दूतावास, लुसाका’. माझ्या ओठावर आलं होतं, की हंबीरराव, जरा वर बघा. मी ते गिळलं. एक तर तो शब्द माझा होता आणि तो उकरला असता तर आधी माझ्यावरच शेकलं असतं. दुसरं म्हणजे सिंगापूरचं खरं निघालं होतं, तसं हेही निघेल असं मला निम्मंशिम्मं वाटत होतं. एवढ्या कारणांसाठी मी गप्प बसलो, आणि मला त्याची लाज वाटते. संध्याकाळी मध्यस्थाकडून पलूसला निरोप गेला. पत्रिका जुळत नाही. मंगलची पत्रिका कुणी कधी काढलेलीच नव्हती.

मंगल बालवाडीत जात राहिली. त्या वर्षात आणखी एक स्थळ आलं तेव्हा तिनं पोटात दुखतंय म्हणून चहा बनाबाईंच्या हातीच पाठवला. हंबीररावांनी ते मनावर घेतलं नाही.

पुढच्या वर्षी, सत्त्याण्णवच्या एप्रिलात, आप्पासो माझ्या दुकानात उभे. मुलाचं लग्न ठरलंय, घराची दर्शनी भिंत रंगवायची आहे म्हणाले. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर गणपती, तुतारीवाले आणि नवरानवरीची नावं काढतात. पलूसला पेंटर नव्हते असं नाही. पण ढोल्यांच्या दारातल्या पाटीचं अक्षर त्यांच्या मनात भरलं होतं. नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही.

गणपती झाला, तुतारीवाले झाले, ‘चि. विश्वजित’ झालं. मुलगी मलकापूरची होती. आप्पासो चहा घेऊन आले आणि एक पाकीट पुढं केलं, याच्यावरचं सिंहाचं चिन्ह भिंतीवर काढता येईल का म्हणून. पाकीट दुबईहून आलेलं होतं आणि त्याच्यावर हिंदीत आणि इंग्रजीत छापलं होतं, भारताचा वाणिज्य दूतावास. आत पगाराचा दाखला, विश्वजितच्या नावाचा, पासपोर्टच्या खिडकीवरचा कारकून.

मी शिडीवरून खाली उतरलो. सरकारी चिन्ह लग्नाच्या भिंतीवर काढत नाहीत एवढं सांगितलं, आणि मग जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, की परिचयपत्रात तर नुसतं दूतावास होतं.

“ते व्हय?” आप्पासो म्हणाले. “पोरानं कागदावर बरोबर लिवून दिलं हुतं. स्टँडसमोरचा टायपिंगवाला म्हणला, वाणिज्य लिवलं तर लोकास्नी वाटंल पोरगा व्यापारी हाय. दूतावास लिवा, समद्यांना कळतंय. मी म्हणलं, लिव.”

मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला असता तर बरं झालं असतं, पण हात मोकळे झाले की त्यांचं काय करायचं ते कळेना.

“आन् तुमाला गंमत सांगतो,” आप्पासो पुढं म्हणाले. “तुमच्या पावण्यांच्या पाटीवर बी चूक हाय म्हणं. घरी आल्यावर पोरगं म्हणलं, बाबा, लुसाकाला दूतावास नसतो, उच्चायुक्तालय असतं. मी म्हणलं, मग बोलला का न्हाईस तवा? तर म्हणतं, मोठ्या माणसाला त्येंच्याच दारात कशाला सांगायचं. नातं जुळलं की सांगू कवातरी.” त्यांनी पाकीट खिशात घातलं. “मग पत्रिकेचं कळलं. पोरगं लय दिवस गप हुतं.”

मी पुन्हा शिडीवर चढलो. ‘चि. सौ. कां.’ लिहिलं. पुढं ‘म’ काढला आणि क्षणभर पुढचं अक्षर आठवेना. आप्पासोंनी खालून सांगितलं, मयूरी.

त्याच संध्याकाळी मी परस्पर हंबीररावांच्या घरी गेलो. कपड्यांवर रंग तसाच. एकदा गिळलेलं पुन्हा गिळायची माझ्यात ताकद नव्हती. पाकीट, टायपिंगवाला, सगळं सांगितलं. मग मुलानं पाटीबद्दल काय म्हटलं होतं तेही सांगितलं, आणि दूतावास हा शब्द मी सुचवला होता याची आठवण करून दिली. हंबीरराव उठून अंगणात आले आणि वळून पाटीकडे बघायला लागले. सात वर्षं ते तिच्याखाली बसत होते. बसलेल्या माणसाला डोक्यावरचं दिसत नाही.

“पाटीचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई गड्या,” ते म्हणाले.

मंगल दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला वाटलं होतं ती आत आहे.

“त्यांनी तुमाला विचारलं हुतं तात्या,” ती सुपातून मान वर न करता म्हणाली. “लुसाकाच्या दूतावासात हुता का म्हणून. तुमी व्हय म्हणालात. तुमी बी त्यांना तसंच विचारायचं हुतं.”

ती सूप घेऊन आत गेली.  विश्वजितचं लग्न चार दिवसांवर होतं. लग्नपत्रिका वाटून झाल्या होत्या, मलकापूरच्या मुलीच्या हाताला मेंदी लागायची होती. तिथं जाऊन कुणी काय सांगणार?

सकाळी त्यांनी पाटी स्वतः उतरवून दुकानात आणली. मी सांगलीहून मोठा पत्रा आणतो, उच्चायुक्तालय पूर्ण लिहू, म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्याच पत्र्यावर निळा हात मारायचा आणि नुसतं नाव लिहायचं. लिहिलं. खालची अर्धी पाटी मोकळी राहिली, ती आजही तशी आहे. पेपर वाचायला ते येत राहिले, पण लाल पेन्सिल मला परत दिसली नाही. बातमीत वकिलात असो, दूतावास असो, कसंही छापलेलं असलं तरी वाचून घडी घालून ठेवत. लोक अजूनही स्थळं घेऊन आले तर सांगत, मुलाला समोर बसवा आणि त्यालाच विचारा.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत मंगलला कडेगावकडचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या विकास सोसायटीत सचिव. हंबीररावांनी या वेळी रीत मोडली. भर बैठकीत, पाहुण्यांच्या देखत, मुलाला सरळ विचारलं. सोसायटी कुठली, काम काय, परमनंट का टेंपरवारी, कागदावर लिहिलंय ते कुणी लिहिलं. मुलगा नीट उत्तरं देत गेला. पाहुणे जरा बावरले, पण राग धरला नाही. तासाभरात सुपारी फुटली. हंबीररावांच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी हसू दिसलं आणि मलाही हायसं वाटलं.

भिंत अर्थातच मीच रंगवली. ‘चि. सौ. कां. मंगल’ लिहीत होतो तेव्हा ती चहा घेऊन बाहेर आली आणि शिडीखाली उभी राहून नाव वाचत राहिली. अक्षर चांगलं आलंय मधुकाका, म्हणाली. मी विचारलं, हिरवी कडा काढू का लाल? ती म्हणाली, काढा कुठलीही. मुलगा तिला पसंत आहे का, हे सांगायला या खेपेला बनाबाई माझ्या दुकानात आल्या नव्हत्या. मंगलला ते कुणीच विचारलं नव्हतं. मी लाल कडा काढली.